लोरेचा एकेचाळिसावा दिवस

लोरेला टांगून एकतीस दिवस झाले, आणि त्याच दिवशी बिशेन्तेला जिना उतरवेना.

जिना काही मोठा नव्हता. वर घर, खाली दुकान, मध्ये सतरा पायऱ्या. गेली छत्तीस वर्षं तो रोज सकाळी कॉफीच्या आधी त्या उतरत होता. कॉफीच्या आधीच, कारण कॉफी प्यायली की नाक बाटतं, असं त्याचं म्हणणं. खाली जायचं, मुरवणीच्या थंड खोलीचं जाड दार उघडायचं, आकड्यांना टांगलेल्या एकेका मांसाच्या पट्ट्याजवळ उभं राहून वास घ्यायचा, आणि मग दार लावून वर येऊन पाव खायचा. लोक चर्चमध्ये जातात तसा तो तिथे जात असे. फरक इतकाच, की चर्चमध्ये तो झोपायचा.

त्या दिवशी तो चौथ्या पायरीवर बसला आणि भिंतीला हात लावला. नेकाने खाली दुकानाचं शटर वर सारत होती.

"काय झालं?"

"काही नाही. पायऱ्या मोजतोय."

"किती भरल्या?"

"चार. उरलेल्या तू मोज."

ती वर गेली, त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. तो इतका हलका लागला, की तिला राग आला. कोणाचा ते तिला कळलं नाही.

तेव्हापासून वास घेण्याचं काम नेकानेकडे आलं. ती गल्ल्यावरची बाई. तराजू, सुरी, गिऱ्हाइकाची सून कशी आहे, कोणाला हाडासकट लागतं आणि कोणाला हाड दिसलं तरी चक्कर येते, हे सगळं तिला पाठ. मुरवणीची खोली मात्र नवऱ्याची. तिथे ती फक्त फरशी पुसायला जात असे.

"कसला वास येतोय?" बिशेन्ते पलंगावरून विचारायचा.

"मांसाचा."

"मांसाला मांसाचा वास येणार नाही तर काय पाद्र्याचा येईल? नीट सांग."

"थंड. थोडा गोड. तळघरासारखा."

"तळघर कोरडं की ओलं?"

"बिशेन्ते, मी तिथे राहत नाही."

मग तो तिला जवळ बोलवायचा आणि तिच्या लोकरी स्वेटरच्या बाहीत नाक खुपसायचा. लोकर वास धरून ठेवते. डोळे मिटून बराच वेळ तो तसाच राहायचा, आणि मग म्हणायचा, "लोणी आलंय. अजून कच्चं आहे, पण आलंय." छत्तीस वर्षांच्या संसारात त्याने तिला इतकं जवळ इतक्या वेळा ओढलं नव्हतं, आणि आता ओढायचा ते एका गाईसाठी. नेकाने हे मनातल्या मनात म्हणायची आणि बाही पुढे करायची.

लोरे म्हणजे वरच्या उतारावरच्या शाल्बादोरची गाय. चौदा वर्षांची. बारा वासरं दिली, डोंगरभर दूध दिलं, मग आटली. शाल्बादोर एकटा गडी, लग्न केलं नाही. गाईंशीच बोलायचा, आणि त्या माणसांपेक्षा कमी उलटून बोलतात असं सांगायचा. ऑक्टोबरात बिशेन्तेने लोरेच्या पाठीवरून हात फिरवला, शेपटीच्या मुळाशी चरबी चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाला, "हिला हिवाळाभर मका आणि घेवडा खाऊ घाल. घाई करू नकोस. ही माझी शेवटची चांगली गाय." तेव्हा त्याच्या पोटातल्या गाठीचा पत्ता कोणालाच नव्हता. 'शेवटची' म्हणजे त्याला निवृत्ती म्हणायचं होतं.

मार्चच्या तीन तारखेला लोरेचा पाठीचा पट्टा आकड्याला लागला. बाकीची लोरे गावाने आठवड्याभरात खाल्ली. पाठ मात्र थांबते. आधी पाणी उडतं, मग वरची बाजू काळी पडून कडक साल होते, आणि सालीच्या आत मांस आपलं आपण बदलत राहतं. बिशेन्तेकडे त्याच्या वास-चवीचं कॅलेंडर होतं. वीस दिवसांपर्यंत ओलं लोखंड. तीसनंतर लोणी आणि कोमट दूध. चाळिशीला अळंबी. पन्नासला पावाची करपती कड. साठच्या पुढे भाजलेला हेझलनट, आणि त्याहून पुढे मेंढीच्या जुन्या चीजची साल. अजून थांबलात तर साबण, आणि साबण आला की तुम्ही गाढव आहात.

त्यांची मुलगी गाराझी रसायनशास्त्र शिकून हॉलंडमध्ये एका अन्नाच्या प्रयोगशाळेत लागली होती. सुट्टीत आली की बापलेकीची जुंपायची.

"आइता, तो हेझलनट आकाशातून पडत नाही. मांसात स्वतःचीच पाचक द्रव्यं असतात. जनावर मेलं तरी ती कामावर असतात. प्रथिनांच्या लांब साखळ्या कापत बसतात. त्यांचे तुकडे जिभेला गोड लागतात, रसाळ लागतात. चरबीला हवा हळूहळू लागते, त्यातून सुकामेव्याचे वास निघतात. हवा जास्त लागली की खवट."

"म्हणजे मेल्यावर ती स्वतःलाच खाते."

"स्वतःला मऊ करते म्हण."

"कामावर असतात म्हणालीस. पगार कोण देतं?"

"आइता!"

"नाही, मला हे आवडलं. मेल्यावरही कामावर. आपल्या गावात जिवंतपणीसुद्धा असं कोणी नाही."

त्यांच्या दुकानाची एक रीत होती, बिशेन्तेच्या बापापासूनची. ज्याने टांगलं त्यानेच उघडायचं. दुसऱ्या कोणी त्या सालीला सुरी लावायची नाही. आणि गाय ज्याने वाढवली, त्याने पहिली बरगडी खायची. लोरेसाठी पासष्टावा दिवस ठरला होता, मेची सात तारीख. पुरुषांच्या जेवणमंडळात बिशेन्ते स्वतः निखाऱ्यावर भाजणार, शाल्बादोर खाणार, गाराझी हॉलंडहून येणार. मंडळात बायकांना जेवायला बोलावतात, पण स्वयंपाकघरात पाय ठेवू देत नाहीत. त्यामुळे रोज घरी चूल सांभाळणाऱ्या नेकानेने बरगडीचा तुकडा जन्मात कधी निखाऱ्यावर ठेवला नव्हता. चूल बायकांची, निखारा पुरुषांचा. का, ते कोणी विचारत नसे. पुरुषांना एवढंच करता येतं, तर करू द्यावं, असं तिच्या आईचं मत.

लोरे टांगल्याच्या बाराव्या दिवशी शहरातल्या इस्पितळात डॉक्टरने बिशेन्तेला सांगितलं, "आता औषधाला थोडी विश्रांती देऊ." बिशेन्ते खूश झाला. त्या औषधाने त्याच्या तोंडात सगळ्याला नाण्यांची चव आणली होती. कॉफी नाणं, पाव नाणं, सूप म्हणजे नाण्यांनी भरलेला खिसा.

मग डॉक्टरने नेकानेला बाहेर बोलावलं. बाकड्याशेजारी उभं राहून सांगितलं, की औषधाचा उपयोग होत नाहीये, उगीच त्रास. सहा आठवडे, कदाचित.

नेकाने गल्ल्यावरची बाई. डॉक्टरचं वाक्य संपायच्या आत तिचा हिशेब झाला होता. सहा आठवडे म्हणजे एप्रिलची सव्वीस. लोरेचा चोपन्नावा दिवस. अकरा दिवस कमी पडत होते.

नवऱ्याला तिने सांगितलं नाही. त्या गावात असं सांगत नाहीत. तिच्या आईने तिच्या बापाला सांगितलं नव्हतं. बिशेन्तेच्या बापाला तर जठराची सूज म्हणूनच पोचवलं होतं, आणि त्या नाटकात बिशेन्तेचं काम बरंच मोठं होतं. गाराझीलाही तिने फोनवर "विश्रांती" हाच शब्द दिला. "मेमध्ये ये, लोरे उघडायला. तोवर त्याला ताकद येईल." मुलीने रजा मांडली, तिकीट काढलं. नेकाने रोज सकाळी खोलीत जाऊन लोरेसमोर उभी राहायची आणि वास घ्यायच्या ऐवजी दिवस मोजायची. मांस जरा लवकर मुरावं, किंवा नवरा जरा उशिरा. दोघांपैकी एकाने तरी ऐकावं.

दर गुरुवारी शाल्बादोर पत्ते घेऊन यायचा. त्या खेळात खोटं बोलणं हीच कला, आणि दोघंही चाळीस वर्षं एकमेकांना फसवत होते. सदतिसाव्या दिवशी आला तेव्हा बिशेन्ते तीन उशांना टेकून बसला होता. पत्ते हातात नीट धरता येत नव्हते, म्हणून शाल्बादोरने ते त्याच्यासाठी पुस्तकात उभे करून ठेवले.

"मला तुझे पत्ते दिसतायत," शाल्बादोर म्हणाला.

"बघ बघ. तरी हरशील."

नेकानेने पावाची चकती सूपमध्ये बुडवून दिली. बिशेन्तेने ती चावली आणि थांबला. "पाव पावासारखा लागतोय," तो म्हणाला.

"त्या नव्या भट्टीवाल्याचा आहे," नेकाने म्हणाली. "पीठ बरं वापरतो."

शाल्बादोर निघताना दुकानात थांबला. टोपी काढून ती नेकानेच्या हात पुसायच्या फडक्याशेजारी ठेवली, आणि ते बरं नाही असं वाटून परत डोक्यावर घातली.

"पासष्टपर्यंत जाईल असं दिसत नाही," तो म्हणाला.

"मांस?"

"नेकाने."

ती सुरीला धार लावत राहिली. सुरीला धार होतीच.

"माझी गाय होती," शाल्बादोर म्हणाला. "बारा बाळंतपणं मी केलीत तिची. मी सांगतो, काप. त्याला खाऊ दे. पहिली बरगडी माझी, ती मी त्याला दिली."

"टांगलंय त्याने. तोच उघडणार."

"तो जिना उतरत नाही."

"आणि मी कापलं तर त्याला काय सांगू? का कापलं? काय सांगू, शाल्बादोर?"

शाल्बादोरने बराच विचार केला. "मला पत्त्यांत खोटं बोलता येतं," तो शेवटी म्हणाला. "बाकी ठिकाणी नाही जमत." आणि उतार चढून गेला.

नेकानेची अडचण तीच होती. पासष्ट दिवस म्हणजे पासष्ट, हे बिशेन्तेच्या तोंडातून गावाने हजारदा ऐकलं होतं. घाई केलेलं मांस म्हणजे शाळेतून अर्ध्यावर काढलेलं पोर, असं तो म्हणे. लोरे लवकर उघडली असं त्याला कळलं, तर एकच कारण उरतं, आणि ते कारण ती महिनाभर तोंडात धरून बसली होती.

चाळिसाव्या दिवशी, रविवारी, घरी येणारी नर्स हात धुताना हळूच म्हणाली, "गिळणं अवघड होत जाणार आहे आता. काही खास खायला द्यायचं मनात असेल तर देऊन टाका, बाई. पुढच्या आठवड्यावर ठेवू नका."

एकेचाळिसावा दिवस सोमवार. दुकान बंद. नेकाने खाली गेली.

जाताना तिच्या मनात एक युक्ती होती, आणि ती युक्ती तिला शहाणपणाची वाटत होती. खोलीत जानेवारीत टांगलेला एक बैलही होता. तो बिशेन्तेने जिना सुटायच्या आधी स्वतः उघडला होता, त्याच्या दोन बरगड्या उरल्या होत्या. कापायचं लोरेला, आणि सांगायचं बैल. त्याच्या तोंडाला सगळं नाण्यांसारखंच लागतं. त्याला कळणार नाही. पण लोरे त्याच्या पोटात जाईल. त्याला ठाऊक नसलं तरी तिला ठाऊक असेल, की त्याने आपली शेवटची गाय खाल्ली. याचा उपयोग काय, असं तिने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती जिन्यातूनच परतली असती.

सुरी त्याची घेतली. तिची सुरी या कामाला लहान पडली असती. तो पुढच्या बाजूने उघडायचा, म्हणून तिने मागून, खुब्याकडून सुरी लावली, जणू मागच्या दाराने गेलं की घरात शिरलो असं होत नाही. काळी साल लाकडासारखी होती. सुरी आधी घसरली, मग कर्रकन आत गेली, आणि सालीच्या आत एकदम मऊ लागलं. लालभडक मांस, कडेला लोण्यासारखी पिवळीधमक चरबी. जुन्या गाईची चरबी अशीच असते, चौदा वर्षांचं गवत तिच्यात साठलेलं. वास आला. थंड, गोड, तळघरासारखा. तिला तेवढंच कळलं. हाड करवतीने कापताना ती रडली नाही. करवत चालवताना रडलं तर बोट जातं.

उघड्या पडलेल्या जागेवर तिने चरबी चोळली, तो चोळायचा तशी, आणि दार लावलं.

वरच्या स्वयंपाकघराच्या गच्चीत जुनी जाळी होती. तिने निखारे केले. धूर पलंगापर्यंत गेला.

"काय चाललंय?" आतून आवाज.

"जानेवारीतला बैल. तुझ्यासाठी."

"कोण भाजतंय?"

"पोप."

"निखाऱ्याला राख धरली का? राख धरल्याशिवाय ठेवू नकोस! आणि मीठ! मीठ जाडं, वरून, आणि उलटल्यावर!"

"गप्प पड!"

"उलटायचं एकदाच! दोनदा उलटणाऱ्याला मंडळातून काढतात!"

"मला त्यांनी घेतलंच कुठे होतं?"

आतून हसण्याचा आवाज आला, आणि मग खोकल्याचा. तिने मांस तीनदा उलटलं.

लाकडी पाटावर बरगडीचा तुकडा ठेवून तिने पातळ पट्ट्या कापल्या, शेजारी लोणच्यातल्या दोन हिरव्या मिरच्या, पावाची चकती. उशा नीट केल्या. खिडकी उघडी होती आणि समोरच्या घराच्या दोरीवर कोणाची तरी चादर वाळत होती. नेकाने खुर्ची ओढून बसली. तिच्यासाठी तिने काही वाढून घेतलं नव्हतं.

बिशेन्तेने आधी पट्टीच्या कडेची चरबी तोडली. तीच तोंडात ठेवली, चावली नाही. जिभेने टाळूला दाबून धरली. त्याचे डोळे मिटले. मग मांस घेतलं आणि चावत राहिला, फार वेळ, जणू कोणी त्याला काही विचारलंय आणि उत्तर नीट द्यायचंय.

"बैल?" तो म्हणाला.

"बैल. जानेवारीतला."

"हं."

त्याने दुसरी पट्टी घेतली. नेकाने चादरीकडे बघत होती.

"नेकाने."

"कच्चं राहिलं का? पहिल्यांदाच भाजते मी. तुम्ही लोक कधी शिकवता थोडंच."

"भाजलंयस वाईटच. तो मुद्दा नाही." त्याने काटा पाटाच्या कडेला ठेवला. "बैलाला आतापर्यंत चीजच्या सालीची चव लागली असेल. ती यात नाही. हेझलनटसुद्धा नाही. लोणी आहे. अळंबी नुकतीच दारात येऊन उभी आहे. आणि ही चरबी बैलाची नाही. ही शाल्बादोरच्या उतारावरची आहे."

"तुला काय कळतंय आता! तुला तर कॉफी नाण्यांसारखी लागते."

"ती औषधाची चव. औषध बंद होऊन महिना झाला. गेला आठवडाभर मला सगळं लागतंय. पाव पावासारखा लागतोय असं सांगितलं नव्हतं का तुला?"

सांगितलं होतं. ती म्हणाली होती, नवा भट्टीवाला.

गल्ल्यावर उभ्या उभ्या नेकानेने गावातल्या प्रत्येकाला तोंडावर उत्तर दिलं होतं. पाद्र्याला, महापौराला, दोनदा स्वतःच्या सासूला. आता तिने पाटावरची मिरची उगीच सरळ केली.

"आज एकेचाळीस," बिशेन्ते म्हणाला.

"हो."

"माझ्या सुरीने?"

"तुझ्याच."

"कुठून?"

"मागून. खुब्याकडून."

"देवा रे." तो थोडा वेळ छताकडे बघत राहिला. "चरबी तरी चोळलीस?"

"चोळली."

पट्ट्यांवरची वाफ गेली. चरबी कडेला थिजायला लागली.

"कधी सांगितलं डॉक्टरने?"

"मार्चमध्ये. विश्रांती म्हणाला तेव्हाच."

"मार्च!" त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याला राग येईल, असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला, "महिनाभर एकटीच? अगं, माझ्या बापाच्या वेळी आम्ही पाच जण होतो खोटं बोलायला. पाळ्या लावल्या होत्या. तरी दमलो."

तेव्हा नेकाने रडली. डोक्याला बांधलेला रुमाल सोडून तो तोंडाला लावला आणि मोठ्याने रडली, गच्चीत ऐकू जाईल इतकी. बिशेन्तेने हात पुढे केला, पण तो तिच्या गुडघ्यापर्यंतच पोचला, म्हणून तिथेच ठेवला.

"किती म्हणाला?"

"सहा आठवडे."

त्याला हिशेब लागला नाही. दुकानात हिशेब तिचा, नाक त्याचं.

"म्हणजे लोरेचा कितवा?"

"चोपन्नावा."

"पन्नासला पावाची करपती कड येते," तो म्हणाला. "ती मिळाली असती कदाचित." आणि मग त्याचा चेहरा एकदम लहान झाला. "मला हेझलनटपर्यंत जायचं होतं, गं. ही फार चांगली गाय होती. हिचा हेझलनट मला बघायचा होता."

मरणाबद्दल तो त्या दिवशी एवढंच बोलला.

थोड्या वेळाने त्याने नाक पुसलं आणि पाट तिच्याकडे सरकवला. "खा."

"मला नको."

"खा म्हणतो. मला ती चव तुझ्या तोंडात बघायचीय."

तिने एक पट्टी घेतली. चावली.

"काय लागतंय?"

"मांस."

"नेकाने!"

"थांब." तिने डोळे मिटले, त्याच्यासारखे. तिला वेडगळ वाटलं, पण मिटले. "लोणी," ती म्हणाली. "खरंच. लोणी. आणि खाली काहीतरी... पावसानंतर वरच्या जंगलात असतं ते."

"अळंबी."

"मला पानं वाटली."

"पानंच. अळंबी पानांतच येते. आता ऐक. ही चव लक्षात ठेव, म्हणजे पुढची कळेल. पन्नासला ही गोड चव मागे सरकेल आणि करपलेपण येईल, घाबरू नकोस, बिघडलं नाहीये ते. साठनंतर रोज दोनदा जा. बाहीचा वास घे, सालीचा नको, साल फसवते. मेच्या सातला शाल्बादोरला बोलाव आणि बरगडी मंडळात ने."

"मला आत येऊ देतील?"

"नाही देणार. तू जा." त्याने श्वास घेतला. "साबणाची वाट बघत बसू नकोस. माझी आठवण म्हणून टांगून ठेवशील आणि साबण करशील, मला तुझा स्वभाव माहीत आहे."

"करीन," ती म्हणाली. "मनात आलं तर करीन."

"मग मी तुला गाढव म्हणीन."

"कुठून?"

त्याला हसू आलं आणि त्यासाठी पुरेसा श्वास नव्हता. तिने उशी सरळ केली, पाणी दिलं. दोन घोट घ्यायला त्याला बराच वेळ लागला. गार झालेल्या तीन पट्ट्या त्याने अजून खाल्ल्या, हळूहळू, घास अडकला की थांबत, पण खाल्ल्या. हाड त्याने तिला दिलं नाही. हातात धरून त्याच्या कडेचं मांस दाताने ओढत राहिला, आणि चरबी त्याच्या हनुवटीवरून उशीवर सांडली. नेकानेने ती पुसली नाही.

"पोरीला फोन कर," तो म्हणाला.

"तिचं मेचं तिकीट आहे."

"मे म्हणू नकोस."

फोन भिंतीवर होता, स्वयंपाकघराच्या दाराशी. तिथून पलंग दिसत असे. तिने हात पुसून नंबर फिरवला. हॉलंडमध्ये घंटा वाजायला लागली. मार्चपासून तिने मुलीला सांगितलेली सगळी वाक्यं ती एकेक करून मनात मागे घेत होती, पण त्यांच्या जागी ठेवायला नवं वाक्य सापडत नव्हतं. आइता बरा नाही, हे ती कसं म्हणणार? तो बरा नाही हे सगळ्यांना हिवाळ्यापासून ठाऊक होतं.

"अमा?" गाराझीचा आवाज आला, मागे कुठल्यातरी यंत्राची घरघर. "मी कामावर आहे. काय गं?"

"काही नाही," नेकाने म्हणाली. सवयीने. मग म्हणाली, "लोरे उघडली."

"लोरे? इतक्यात? अजून तर..." आणि ती थांबली. यंत्राची घरघर चालू राहिली. ती त्याच बापाची मुलगी होती. मार्चच्या तीन तारखेपासून तिने तिकडे हॉलंडमध्ये दिवस मोजले असणारच.

"कोणी उघडली?" तिने विचारलं. आवाज बदलला होता.

"मी."

पलंगावर बिशेन्ते हाड हातात धरून इकडेच बघत होता. ती काय सांगते आहे, हे ऐकायला त्याने मान थोडी वर उचलली होती.

"उद्या सकाळचं विमान बघते," गाराझी म्हणाली.

"बघ," नेकाने म्हणाली. "आणि जाड स्वेटर आण. लोकरीचा. इथे अजून थंडी आहे."